डिस्क बदलली तरी

प्रिय मृणाल,

ताईचं हाताने लिहिलेलं पत्र बघून तू आधी हसशील. उधन्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे लॅपटॉप दुरुस्त करणारी बाई बहिणीला वहीच्या कागदावर लिहिते! हस बापडी. पण हे वाचताना खोलीत एकटी राहा. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं मी आप्पांना बजावलंय.

इकडे सगळे बरे आहेत. आप्पांची पांडेसऱ्याची मिल सुटली, पण पहाटेचा चहा सुटला नाही. जवाई भलता गुनी शे, असं आई आशिषरावांबद्दल अजून अख्ख्या गल्लीला ऐकवते. मी विषय बदलते. घरात मला संशयी म्हणतातच.

होळीला आलीस तेव्हा तू कौतुकाने म्हणालीस, आशिषला माझ्या मनातलं न सांगता कळतं. मैत्रिणीला काय लिहिलं, कुठली नोकरी शोधली, सगळं. मी हातातला घास खाली ठेवला. त्याच खेपेला लॅपटॉप हळू चालतो म्हणून तू तो माझ्याकडे टाकलास, तेव्हा मी डिस्कच बदलली आणि सगळं नव्याने भरलं. कुणी डोकावत असेल तर आता गेला, असं वाटलं. पण सुरू होताना आशिषरावांच्या कंपनीचं नाव आलंच, आणि आतल्या सेटिंगला त्यांच्याच पासवर्डचं कुलूप.

या यंत्रांत मुख्य प्रोसेसरच्या मागे आणखी एक छोटा प्रोसेसर असतो गं. त्याचा प्रोग्राम वेगळा, आणि बनवणारे तो कुणाला दाखवत नाहीत. लॅपटॉप बंद केला तरी तो जागा राहू शकतो. बोर्डावरच्या चिपमध्ये लपलेला प्रोग्राम कोऱ्या डिस्कवरही पुन्हा येऊन बसू शकतो. सुरक्षेसाठी, म्हणतात. कुणाच्या, ते किल्ली असणाऱ्याला ठाऊक. मला आतलं दिसत नाही, तेव्हा शपथेवर काही सांगता येईना. म्हणून मी आमिष ठेवलं. नेट चालू ठेवून तुझ्या लॅपटॉपवर टाइप केलं, की मृणालला उधन्याच्या मराठी शाळेत नोकरी लागली. धादांत खोटं! कुणाला पाठवलं नाही, तुलाही सांगितलं नाही, लगेच पुसून टाकलं, आणि तू सासरी निघालीस तेव्हा लॅपटॉप तुझ्या हाती दिला.

आठवड्याच्या आत आशिषरावांचा आईला फोन. शाळेचं खूळ मुलीच्या डोक्यात भरू नका म्हणाले. आई बिचारी मलाच विचारत बसली, कुठली शाळा? ती शाळा मी फक्त तुझ्या लॅपटॉपवर लिहिली होती.

तेव्हापासून तू फोनवर हो-नाही एवढंच बोलतेस. माहेरी कधी येणार विचारलं, तर आशिषला विचारून सांगते म्हणतेस. मला राग येतो गं, आणि रडूही.

आखाजीच्या सणाला तुला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून दरवर्षी आपला लोटूभाऊ येतो, यंदा मी आप्पांनाच पाठवलंय. दारी आलेल्या मुऱ्हाळ्याला लेकीशिवाय परत धाडायची रीत नाही, आणि बापाच्या तोंडावर आशिषरावांना नाही म्हणता येणार नाही. आठ दिवसांपुरते कपडे भर, म्हणजे कुणाला शंका येणार नाही. तुझी प्रमाणपत्रं साड्यांच्या घडीत ठेव. लॅपटॉप तिथेच चार्जिंगला लावून ये, मोबाइलही शेजारी राहू दे. आईला तू आल्यावर सांगू, आप्पांना सगळं ठाऊक आहे. तुझं सासरी परतायचं तिकीट त्यांनी काढलेलं नाही.

तुझीच,
योगिताताई