पीठ चावून बघणारा

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पोचलो. आठ तास बसून पाठ धरली. छिन्न्यांची पिशवी सगळा प्रवास मांडीवर. ती वर सामानात टाकायचा धीर होत नाही. खोलीवर येऊन घरून हिने भरलेली बॅग उघडली — मफलर, दोन टॉवेल, लवंगांची पुडी. पुडी नको म्हटलं होतं. घातलीच!

गिरणी पाहिली. दगड उत्तम, पण छिन्नीने पाडलेले टाके पार झिजलेत. पीठ गरम निघतंय, म्हणजे दगड दळत नाही, नुसता घासतोय. गिरणीवाली चाळिशीची, बोलायला सरळ. "मिस्त्री, तुमचे मालक म्हणतात ओतीव दगड घ्या, पाच वर्षं टाकी लावायला नको. मग तुम्हाला दर तीन महिन्यांनी कशाला बोलावू?"

"आधी माझं पीठ बघा," म्हटलं.

"बघते. रविवारी पाव खाऊन ठरवते."

मालकांनी निघताना स्पष्ट सांगितलंय. हाताने टाकी लावून घेणारी ही एकच गिरणी उरली. गिरणीवालीने ओतीव दगड घेतले की मी गोदामात, खोकी बांधायला. बत्तीस वर्षं छिन्नी धरलेला हात!

शुक्रवार, १० ऑक्टोबर

देवाचं नाव घेतलं आणि पहिला घाव घातला. दिवसभर वरचा दगड. मधोमधून कडेकडे, एकेक टाका. घाई केली की दगड टवका काढून दाखवतो. आज एकही टवका नाही. संध्याकाळी तोंड धुवायला गेलो तर आरशात भुकटीने पांढरे झालेले वडीलच!

शनिवार, ११ ऑक्टोबर

खालचा दगड दुपारी आटोपला. दोन्ही बसवले. मग कोंड्याचा घाणा — टाकी लावल्यावर दगडाची जी कच राहते ती कोंड्याबरोबर निघून जाते. तो फेकायचा. मग दुसरा, तोही फेकायचा. वडील तिसराही घालायचे.

पण गिरणीवालीचा भाऊ येऊन उभा. त्याचं हॉटेल गिरणीला लागूनच आहे, भिंत एकच. पाव तो स्वतः भाजतो. "मिस्त्री, आत्ता पीठ मिळालं तर उद्या पाव. नाहीतर लोकांना मी काय बशा खायला घालू?" दुसऱ्या घाण्याची शेवटची चिमूट डाव्या दाढेखाली धरली. आमच्या घरात हीच परीक्षा. बोटांना फसवता येतं, दाढेला नाही. स्वच्छ होती. म्हटलं, घाला गहू.

चाळीस किलो दळले. धारेखाली हात धरला — गार! झऱ्यात धरावा तसा. गिरणीवालीने पण धरला. लवकर काढला नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचं नीट लिहायला हवं.

दहा वाजता हॉटेलात गेलो. बाहेर पाटी — 'रविवारचा ब्रंच'. न्याहारीला उशीर आणि जेवणाला घाई, असं ते खाणं. आम्ही लहानपणी सकाळची कामं उरकून याच वेळेला खायचो, फक्त त्याला नाव नव्हतं.

आत एक मोठा फळा. जे काही ताटात येणार ते सगळं वीस किलोमीटरच्या आतलं, असा भावाचा नियम. फळ्यावर लिहिलेलं — अंडी: पुलापलीकडची कोंबडीवाली. लोणी: डेअरीवाले दोघे भाऊ. टोमॅटो: पोस्टमनची बायको. मध: निवृत्त हेडमास्तर. पीठ: बहिणीची गिरणी. मी विचारलं, "आणि टाकी?"

"तुम्ही तीनशे किलोमीटरवरचे! नियमात बसत नाही मिस्त्री." सगळे हसले. मीही हसलो.

खिडकीजवळ बसवलं. पाव आला, कापताना साल कडकडली. आत मऊ, ओलसर, गव्हाचा वास. वर लोणी, बाजूला अंडी, मध. पहिला घास घेतला आणि क्षणभर डोळे मिटले. ज्याने गहू दिला आणि ज्याने दगड दिला, त्या दोघांनाही — तो एकच आहे — मनातल्या मनात हात जोडले.

मग आजूबाजूला बघत बसलो. शेजारची म्हातारी पावाच्या तुकड्याने ताटलीतला मध पुसून घेत होती. एक पोरगी आईच्या पावावर डोळा ठेवून आपला भराभर संपवत होती. भिंतीपलीकडे माझे दोन दगड बसलेले, आणि यातल्या कोणालाच ते माहीत नाही. मला माहीत होतं, तेवढं पुरे. छाती भरून आली. अभिमान वाईट म्हणतात. आज मला तो पावासारखाच गरम लागला.

तिसऱ्या घासाला सालीचा कडक तुकडा डाव्या बाजूला आला. कच!

घास तोंडात तसाच. तिसरा घाणा! तो घातला नाही ना!

उठून स्वयंपाकघरात गेलो. पोत्यातलं कोरडं पीठ दाढेखाली धरलं. कच. दुसऱ्या पोत्यातलं. कच. भावाने चिमूट तोंडात टाकली. "मला तर काही लागत नाही."

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं.

गिरणीवालीने चावून पाहिलं. "मिस्त्री, मलाही नाही लागत."

"ताई, तुमची दाढ पिठाची आहे, माझी दगडाची. यात कच आहे. लोकांचे पाव उचला."

एवढं म्हणायला किती वेळ लागला! गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? सगळे बोटं चाटत होते. पण अन्न आहे ते. बाहेर येऊन भरल्या हॉटेलात मीच सांगितलं, "चूक माझी आहे. एक घाणा कमी घातला." लोकांच्या पुढ्यातले पाव उचलले. म्हातारी आपला सोडेना! भावाने उकडलेले बटाटे वाढून वेळ मारून नेली. उरलेलं पीठ कोंबडीवालीकडे रवाना. "कोंबड्यांना खडे लागतातच," भाऊ म्हणाला, पण हसला नाही.

दुपारी तिसरा घाणा घातला. चौथाही. या वेळी पीठ चावून बघायची हिंमत झाली नाही. ताईंनीच बघितलं. चांगलं आहे म्हणाल्या.

गोदामातली खोकी डोळ्यांपुढे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

निघताना गिरणीवाली तिच्या गाडीने बसस्टँडवर सोडायला आली. वाटेत माझ्यादेखत मालकांना फोन लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"ओतीव दगड नकोत मला," ती म्हणाली. "दगडाचं काही चुकलं तर तो तोंड उघडणार आहे का? हा माणूस उघडतो. दर तीन महिन्यांनी हाच पाठवायचा."

बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. वडील असायला हवे होते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "इतकं खरं बोलायचं आणि मग स्वतःच चार वेळा सांगायचं!" चार नाही, तीनदा सांगितलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

घरात भात खातोय. डाव्या बाजूला — कच.

भातात! तांदूळ दोनदा निवडलेला. ही माझ्याकडे बघत राहिली. मग उठून बॅगेतली लवंगांची पुडी आणून ताटाशेजारी ठेवली. बांधलेली होती तशीच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, डावी मागची दाढ अर्धी तुटलीय. उरलेल्या अर्ध्याचा चुरा होतोय. पाच-सहा दिवस झाले असतील. काही कडक खाल्लं होतं का?"

म्हणजे पीठ स्वच्छ होतं. दोन घाण्यांतच माझे दगड स्वच्छ झाले होते. आनंद झाला. दवाखान्याच्या वरच्या पायरीवर होता, खालच्या पायरीवर येईपर्यंत गेला. दोन माणसं चावून सांगत होती, नाही लागत. आणि मी? तुम्हाला नाही कळायचं!

ज्या खरेपणावर काम मिळालं, तो खरेपणा एका तुटक्या दाढेचा. न सांगितलं तर कोणालाच कळणार नाही. असंच वाक्य याच वहीत रविवारी लिहिलंय, पान उलटून पाहिलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी देवापुढे बसलो, उठलो, गिरणीवालीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या कोंबडीवालीने ते चांगलं पीठ कोंबड्यांना घातलं?"

"उत्तम पीठ होतं, ताई."

"आणि आमचा दादा खरं बोलत होता?"

"खरं बोलत होता."

ती तोंड फिरवून ओरडली, "दादा, ऐकलंस का!" मग भांडं पडल्याचा आवाज, आणि दोघांचं हसणं. थांबेचना. मी फोन धरून उभा. शेवटी म्हणाली, "जानेवारीत या मिस्त्री. टाकी तुमचीच. पण पीठ चावून बघणार दादा."

"कबूल," म्हटलं.