पेटीवरचं नाव

३ नोव्हें.
नागपूरहून वकीलबाईंचा फोन. लवादाचा निवाडा आपल्या बाजूने! संत्री सौंसरहून निघाली तेव्हा चांगलीच होती. त्या परदेशी व्यापाऱ्याने बंदरावर कंटेनरचं कूलिंग बंद ठेवलं म्हणून सडली. आणि फोटो टाकले आमच्या पेट्यांचे. वर बाबांचं नाव ठळक. सगळ्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर. दोन वर्षं मी मंडीत पाय ठेवलेला नाही.
पण पैसे नाहीत. त्याच्यावर तिथल्या सरकारचे आर्थिक निर्बंध आलेत, खाती गोठलेली. जिंकूनही हात रिकामे.

९ नोव्हें.
त्या व्यापाऱ्याचीच मेल. गोठलेल्या खात्यातून निवाड्याचे पैसे द्यायला तिथलं सरकार खास परवानगी देतं म्हणे. अर्जावर माझी सही हवी. व्याज रोज चढतंय, म्हणून साहेबांना घाई.
चढू दे. तडफड म्हणावं. फार बरं वाटलं. चहा दोनदा घेतला.

१४ नोव्हें.
सुमनमावशी आल्या, आमच्या पॅकिंग शेडवर होत्या त्या. "शेड कधी उघडतं वं? कामासाठी रोज लोधीखेड्याले जाऊन रायली मी." सही केली तर पैसे येतील, शेड उघडेल, हे सांगितलं नाही. लाज वाटली. पण राग जास्त आहे.
वकीलबाईंना कळवलं, आधी त्याने त्याच ग्रुपवर लिहावं, "माल चांगला होता, माझ्या चुकीने सडला." मग सही. त्या म्हणाल्या, निवाड्यात असं काही नाही. नसू दे.

२२ नोव्हें.
लिहिलं त्याने! बाबांच्या नावासकट. तीनदा वाचलं, मग धावत बागेत. बाबा लगडलेल्या फांद्यांना टेकू लावत होते. वाचून दाखवलं. ते टेकू सरळ करत राहिले.
"मले माहीतच होतं ना. मी तं रोज मंडीत जाऊन रायलो. तोंड तूच लपवून बसली होती."
घरी आले.

२३ नोव्हें.
अर्जाची मुदत उद्या पाचपर्यंत. कागद समोर. त्याने शब्द पाळला, आता माझी पाळी. तरी त्याला सुटू द्यावंसं वाटत नाही. अजूनही नाही.
दुपारी सुमनमावशी शेडच्या कुलपात तेल घालून गेल्या. बाबांनीच त्यांना सहीचं सांगितलं असणार.
चावी माझ्याकडे आहे.