बिनलेबलाच्या बाटल्या

दि. ३ फेब्रुवारी

चि. ताईस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पायाचं प्लास्टर अजून निघालं नाही म्हणे. घसरायला तुला ऑफिसचाच जिना सापडला होय? आता गुमान पडून राहा.

आम्ही दोघं मजेत. तुमच्या खात्याचं पत्रक घरोघर आलं. वाचताक्षणी तुझ्या आईला म्हटलं, ही भाषा आपल्या पोरीची. 'लेबल न काढलेली बाटली यंत्र स्वीकारणार नाही', असं ठणकावून दुसरं कोण लिहिणार! प्लॅस्टिकची बाटली चौकातल्या यंत्रात परत केली की पाणीपट्टीत सूट. घरचीच बाटली नेऊन सुटं फिनेल, साबण भरून आणलं तर आणखी सूट. गल्लीत माझा पहिला नंबर आहे. समोरचा शिंपी नुसता जळतोय.

यात एक युक्ती आहे. बाटली रिकामी होईपर्यंत थांबलं की गोंद वाळून घट्ट बसतो आणि यंत्र बाटली परत तोंडावर फेकतं. म्हणून बाटली घरात आली रे आली की मी आधी लेबल सोलतो, भरलेली असली तरी. तुझी आई कुरकुरते. अगं, जन्म गेला माझा कंपाउंडरकीत! बूच उघडलं की नाक सांगतं आत काय आहे ते. तिला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, तेव्हा तिच्या खोकल्याचं औषध मीच चमच्यानं देतो.

मागच्या तापापासून मला मात्र चहा गरम पाण्यासारखा लागतो. चव नाही, वास नाही. आईपाशी बोलू नकोस, उगाच जीव टांगणीला लावून घेईल.

पायाला जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा


दि. ८ फेब्रुवारी

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसले, आणि मग हसू पार मावळलं. बाबा, नाक सांगतं म्हणता आणि चहाला वास नाही म्हणता. या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात?

लेबल काढायचं ते रिकाम्या बाटलीचं हो! भरल्या बाटलीचं कोणी काढील असं माझ्या स्वप्नातही आलं नाही, म्हणून पत्रकात तसं लिहिलं नाही. तुमच्यासारखा आज्ञाधारक नागरिक सरकारला परवडायचा नाही.

थट्टा पुरे. हे पत्र हातातून खाली ठेवा आणि आधी सगळ्या बाटल्यांवर कागद चिकटवा. फिनेल औषधाच्या बाटलीत तर भरलं नाहीत ना? चार दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर धाकट्याला सगळं सांगणार, मग बसा त्याचं बोलणं ऐकत.

कृपादृष्टी आहेच, ती राहू द्यावी.

तुमची ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

फोनवर तुला आईला दवाखान्यात ठेवलंय एवढंच सांगितलं, कारण बाबा समोर बसलेले होते. आता नीट ऐक. परवा बाबांनी खोकल्याचं औषध म्हणून आईला चमचाभर फिनेल पाजलं. दोन्ही बाटल्या तपकिरी, दोन्ही उघड्याबोडक्या. घसा भाजलाय. आतली अन्ननळी किती भाजलीय ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. तिला बोलता येत नाही. पाण्याचा घोटसुद्धा उतरत नाही.

माझं डोकं फिरलंय. व्हरांड्यात सगळ्यांदेखत बाबांना नाही नाही ते बोललो. पाणीपट्टीच्या सुटीपायी आईचा जीव घ्यायला निघालात, असंही म्हणालो. लेबलं काढायचं खूळ कोणी डोक्यात भरवलं म्हणून विचारलं, तर मान खाली. तुझं नाव निघालं की उठून जातात.

आई यातून उठली तर मी तिला माझ्याकडे नेणार. बाबांनी राहावं आपल्या बाटल्यांसोबत. तसं त्यांना सांगितलं. आज सकाळी त्यांनी तिची लुगडी घडी घालून, पिशवीत भरून माझ्या हातात दिली. वर तिचा चष्मा फडक्यात गुंडाळून ठेवलेला. रागावावं की रडावं तेच कळेना.

तू मधे पडू नकोस. बाकी तुझा हात पाठीवर असू दे.

तुझा धाकटा


दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

मधे पडणार. मोठी आहे मी.

ते खूळ माझं आहे. घरोघर गेलेलं पत्रक मी लिहिलं आणि बाबांनी ते देवाचा शब्द असल्यासारखं पाळलं. माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून ते गप्प आहेत, गाढवा! तापानंतर त्यांचं नाक गेलंय. मला ते माहीत होतं. तुला लगेच फोन करायचा सोडून मी ऐटीत पत्र लिहीत बसले. आता या प्लास्टरवर डोकं आपटावंसं वाटतंय.

तुझा राग खोटा नाही. चूक लहान नाही. पण त्यांना तिच्यापासून तोडलंस तर ते सहा महिनेही काढायचे नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. आई काय म्हणते ते तरी थांबून ऐक. लिहायला कागद दे तिला.

आईच्या तब्येतीचं रोज कळव. तुझ्या बहिणीवर राग धरलास तरी चालेल, माया सोडू नकोस.

ताई


दि. २१ फेब्रुवारी

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस. घसा बोलू देत नाही म्हणून जन्मात पहिल्यांदा तुला स्वतः लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर डोळ्यांना बोल लाव.

नळी वाचली. कालपासून पातळ उतरतंय. आवाज येईल पण घोगरा, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे घरात ओरडायचं काम आता यांच्याकडे.

तुम्ही बहीणभाऊ माझ्यावरून भांडताय, मला कोणी विचारलं? यांचं नाक गेल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. दूध करपून घरभर वास सुटला आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. ज्यांनी नाकाच्या जोरावर संसार केला, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हापासून हे चमचा पुढे करायचे आणि मी गुपचूप हुंगून मग तोंडात घ्यायची. त्या दिवशी सर्दीनं माझंच नाक चोंदलेलं होतं. झाकली मूठ दोघांनी ठेवली, मग शिक्षा यांना एकट्यांनाच का?

तुझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं, मी दवाखान्यात असताना. हे मला एवढंच म्हणाले, पोरीनं बरोबरच लिहिलं होतं, अक्कल माझी गहाण पडली. पुढच्या पत्रकात 'बाटली रिकामी झाल्यावरच' असं ठळक छाप, म्हणजे झालं. कुढत बसू नकोस.

मी यांच्याबरोबर आपल्याच घरी जाणार. धाकट्याला कागदावर लिहून दाखवलं. पाय आपटत गेला, पण लुगड्यांची पिशवी परत आणून यांच्या पायाशी ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाय बरा झाला की भेटायला ये. आईवर आहे तेवढीच माया बाबांवरही असू दे.

तुझी आई

ता. क. माझ्या उशाशी पाण्याची बाटली असते. यांनी तिच्यावर कागद चिकटवलाय. अक्षर इतकं मोठं की मलासुद्धा वाचता येतं. रोज नवा कागद, रोज तेच लिहिलेलं : 'पाणी. आधी मी पिऊन पाहिलं आहे.'