फ्रिजवरचा तक्ता

ओमाहा, २२ मार्च

प्रिय आर्डिस,

प्रभूची शांती तुझ्या उशाशी असो. गुडघा कसा आहे? मी सुखरूप आहे.

आपली नात सिग्ने जीव ओतून खेळली, तरी तिचे कॉलेज हरले. टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबवत बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटे अर्धा तास ताणली. शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ आपल्याच रंगाचा सदरा घालून प्रतिपक्षासाठी टाळ्या पिटत होता.

"काका, कुठला सामना कोण जिंकणार यावर पैज लावलीय; माझ्या भाकिताच्या तक्त्यात त्याच मुली जिंकतात!" तो म्हणाला.

"लाज नाही वाटत?" मी खडसावले.

नंतर सिग्ने रडत बिलगली. "आजोबा, तुम्ही तरी तुमच्या तक्त्यात आम्हालाच जिंकवलं होतं ना?"

"अगं, तुम्हालाच!"

चर्चच्या पैजेसाठी मी भरलेल्या तक्त्यात ती पहिल्याच फेरीत हरते. रविवारी ती घरी येईल. त्याआधी तो फ्रिजवरून काढ.

'मी त्याला ओळखत नाही' असे खोटे बोलून प्रभूला नाकारल्यावर त्याचा शिष्य पेत्र निदान बाहेर जाऊन रडला. मी मात्र तिचे डोळे पुसत उभा होतो.

तुझा अपराधी,
हार्लन