पोटातल्या बाळाची सही

मी, श्रीमती जया तुळशीदास कोळी, वय ६६, धंदा मासळीविक्री, राहणार गोराई कोळीवाडा, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने, शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही धाकाखाली न येता करून ठेवते. धाक मला आमच्या ह्यांचाही कधी नव्हता, हे गावाला माहीत आहे. मी सांगते आहे आणि दिंडोशी कोर्टातला वकील दिपेश लिहून घेतो आहे. मधूनच तो म्हणतो, "मावशी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, तरी लिही.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा खाडी ओलांडून बोरिवलीला डायलिसिसला जाते. परत येते तेव्हा पायातल्या चपला काढायचंही त्राण नसतं. मुलगा प्रज्योत स्वतःची किडनी द्यायला निघाला होता, पण त्याला साखर आहे, डॉक्टरांनी नको म्हटलं. यादीत माझ्या वयाच्या बाईचा नंबर कधी लागणार, ते कुणी सांगत नाही. मी दमले आहे. हे कलम नाही, पण लिहून ठेवा.

कलम १. कोळीवाड्यातलं घर प्रज्योत आणि सून निशा या दोघांच्या नावे सारख्या हिश्शाने. एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय विकायचं नाही. बँकेत जे असेल ते निशाच्या बाळंतपणाला. तिला पाचवा महिना आहे. सोन्याच्या बांगड्या बाळाच्या, मुलगा होवो की मुलगी.

कलम २. माझी थोरली जाऊ शेवंती हिला काही देत नाही. तिला साक्षीदार करायचं आहे, आणि ज्याला मिळायचं असतं त्याची साक्ष चालत नाही असं दिपेश सांगतो. तिच्या मुलाच्या हळदीला नेलेला माझा तांब्याचा हंडा तिच्याकडे आहे. तोही मी तिला दिलेला नाही. माझाच आहे, तिच्याकडे राहतो एवढंच.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं होतं. डुकराची किडनी माणसाला बसवायचा प्रयोग करणार आहेत, त्यात मला घ्यायला तयार होते. डॉक्टर माणूस सरळ आहे. "मावशी, किती जगाल ते मला सांगता येत नाही," म्हणाले. बाजारात आम्ही गिऱ्हाइकाला माशाचा कल्ला उघडून दाखवतो, तसं त्यांनी सगळं दाखवलं. मासळीत बसता येणार नाही. एकदा किडनी बसली की मरेपर्यंत तपासणीतून सुटका नाही. मेल्यावर देह आधी त्यांच्याकडे, मग घरी. आणि डुकराचा एखादा रोग माझ्यातून घरात शिरला तर कळावं, म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त वर्षानुवर्षं घेणार, त्यासाठी घरातल्यांच्याही सह्या हव्यात.

प्रज्योत लगेच म्हणाला, "मी करतो सही. आई, तू हो म्हण ना."

निशाने एवढंच विचारलं, "डॉक्टर, माझ्या पोटातल्याचंही रक्त घेणार?"

"हो. जन्मल्यावर, पुढेही."

"आणि मोठं झाल्यावर त्याला नको असेल तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही," म्हणाले.

मग मी नाही म्हटलं. मी, माझ्या तोंडाने. डॉक्टरांचा प्रयोग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कुणीतरी पहिलं व्हायलाच हवं, एकटं माणूस असेल त्याने खुशाल व्हावं. पण मासा कापला की परत घेत नाही, हा नियम मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवला. इथे कापून घेणारी मी, आणि परत करता येणार नाही ते ओझं त्या बाळावर. त्याची सही करायचा हक्क मला कुणी दिला? जगायचं मला खूप आहे. त्याचे पाय बघायचे आहेत, आमच्या ह्यांच्यासारखे फेंगडे आहेत का ते. तरीही नाही.

परतीच्या बोटीत प्रज्योत निशावर ओरडला, "तुझ्यामुळे आई मरणार!" माणसं ऐकत होती. बोट गोराईला लागेपर्यंत माझं 'नाही' निशाचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी शेवंती बाजारात सगळ्यांदेखत म्हणाली, "सासूला मारणारीला मी ओळीत बसवणार नाय."

बाजारातल्या आमच्या मासळीवाल्यांच्या ओळीची रीत अशी, की बाई गेली की तिची जागा बारा दिवस रिकामी राहते. तेराव्या दिवशी ओळीतली सर्वांत थोरली बाई गेलेलीचा कोयता तिच्या सुनेच्या हातात देते, तेव्हा सून बसते. थोरली शेवंती आहे. परवान्याचं महापालिका बघेल, पण शेवंतीने कोयता दिला नाही तर निशाशेजारी एकही बाई बसणार नाही. म्हणून माझी जागा, पाट आणि कोयता मी मेल्यावर देत नाही. आज देते. जिवंतपणी देऊ नये असं रीतीत कुठे म्हटलेलं नाही.

कलम ४. मी बेशुद्ध पडले तर माझ्या जागी कुणी त्या प्रयोगाला होकार द्यायचा नाही, प्रज्योतने तर नाहीच. त्याचा वेगळा कागद दिपेशने केला आहे. मेल्यावर माझे डोळे मात्र घ्या. ते माझे एकटीचे आहेत.

पुरवणी. दिपेशने वरचं सगळं वाचून दाखवलं तेव्हा शेवंती उठून दाराकडे निघाली.

"जये, तू मेल्यावर बघू."

"मेल्यावर मी काय बघणार गं? डोळे पण देऊन टाकले. आत्ता बघू दे. नाही मी म्हटलं, शेवंते. पोरीने फक्त विचारलं."

ती दारातून माघारी आली. प्रज्योत खाली मान घालून बसला होता. मग शेवंतीने माझा कोयता उचलला, पदराने पुसला आणि निशाच्या हातात दिला.

"पोटाला लागेल अशी बसू नको," म्हणाली. "पाट जरा लांब घे."

प्रज्योतने उठून पाट लांब सरकवला.

दिपेश म्हणतो हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवलं आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, म्हणून सही करते.

जया तुळशीदास कोळी

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. शेवंती कोळी, थोरली जाऊ
२. मधुकर कोळी, बोटवाला (त्या दिवशीची बोट माझीच होती. आपणच नाही म्हटल्याचं जयामावशी बोटीत तीनदा सांगत होती, प्रज्योतच्या ओरडण्यात कुणी ऐकलं नाही.)

ठिकाण: गोराई कोळीवाडा
दिनांक: ९ डिसेंबर २०२५