जोर तिसऱ्या तुकड्यावर

सोमवार, ४ तारीख
या घरात म्हातारीनं दुपारी डोळा लावायचा की नाही? ठक ठक धप्प ठक ठक! मला वाटलं सुतार लागलाय. बघते तर सूनबाई ओट्यावर पळी आपटतेय आणि तोंडानं – ऑफ्-थॅल्-मॉ-ल-जिस्ट! म्हणे इंग्रजीत डोळ्यांच्या डॉक्टरला असं म्हणतात. साधं डोळ्यांचा डॉक्टर म्हटलं तर त्याला दिसायचं बंद होतं का?

मंगळवार, ५
विचारलंच तिला. डोळ्यांच्या दवाखान्यात फोनवर बोलायची नोकरी निघालीय, ती हिला हवीय. शब्द लांबलचक, म्हणून तुकडे पाडायचे. एका तुकड्यावर जोर, बाकीचे हलके. हिचा जोर सगळ्यांवर सारखाच पडतो, म्हणून इंग्रजीच्या क्लासची बाई ओरडते. त्यासाठी तो पळीचा ताल. म्हटलं, "म्हणजे एकानं खेकसायचं, बाकीच्यांनी पुटपुटायचं? मग या घरात राहून तुला कसं जमेना!" हसली. किती दिवसांनी!

गुरुवार, ७
चिरंजीव जेवताना – "काय मॅडम, आज कुठल्या शब्दाची खांडोळी?" आणि वर तिची नक्कल! तिचा घास हातातच राहिला. मुलगा माझा, पण जीभ बापाची. सुनावलं, "तुला 'क' गिरवायला वर्ष लागलं, तेव्हा कोणी दात काढले होते का रे?" पानावरून उठला. ऊठ बापडा.

शनिवार, ९
काल मुलाखत झाली. तिथल्या बाईंनी नेमका तोच शब्द म्हणायला लावला. हातात पळी नाही, म्हणून हिनं पदराआड मांडीवर बोटं आपटली. तिसऱ्या तुकड्याला जोरात. बरोबर आला! घरच्या फोनवर कळवतो म्हणालेत. मीही म्हणून पाहिला – कवळी बाहेर आली. हसून हसून दोघींचं पोट दुखलं.

सोमवार, ११
फोन नाही. घंटा वाजली की हात पुसत धावते बिचारी. चिरंजीव पेपराआडून – "मी सांगितलं होतं."

मंगळवार, १२
आला फोन! सकाळी ती भाजीला गेलेली. मी आतल्या खोलीत पडले होते, सगळं ऐकलं. चिरंजीव म्हणाले, "नाही, तिला नकोय नोकरी. घरी अडचण आहे." विचारलं तर म्हणतो, "आई, चारचौघांत चुकली तर नाव माझं खराब होईल." नाव! कोणी ठेवलं रे ते? त्याच्याकडूनच फोन परत लावून घेतला. खोटं बोललो म्हणायला लावलं. दवाखान्यातल्या बाई तिच्यासाठी पुन्हा फोन करणार आहेत. फोनशेजारी खुर्ची टाकून बसलेय. तिनंच उचलायचा. त्यानं हात लावायचा नाही.