प्रोत्साहन दोन तास थांबविण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
महिला तंत्रज्ञ प्रोत्साहन कक्ष,
मध्यवर्ती संगणक केंद्र, तिसरा मजला.

विषय : अर्जदारास दिले जाणारे प्रोत्साहन येत्या १८ तारखेस सकाळी अकरा ते एक या वेळेत थांबविण्याबाबत.
संदर्भ : आपले परिपत्रक, 'चर्चासत्रास उपस्थिती अनिवार्य'.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, तळमजल्यावरील सर्व्हर रूममध्ये सहा वर्षे तंत्रज्ञ आहे. केंद्रात महिला तंत्रज्ञ एकच असल्याने आपल्या कक्षाचे सगळे प्रोत्साहन माझ्या एकटीच्या वाट्याला येते. चालू वर्षी माझे अकरा सत्कार झाले. सासूबाई आता "आज काम की सत्कार?" असे विचारूनच डबा भरतात.

२. गेल्या महिन्यात आपल्या भित्तिपत्रकासाठी माझे छायाचित्र काढण्यात आले. सर्व्हर रूममध्ये उजेड कमी म्हणून छायाचित्रकाराने मला स्वागतकक्षात नेले, हाती स्क्रूड्रायव्हर दिला आणि मूठ लाल आहे, दिसली पाहिजे, म्हणून तो उलटा धरायला लावला. "मॅडम, काहीतरी पिळताय असं वाटू द्या," असेही सुचवले. तेथे पिळण्याजोगे काही नसल्याने मी कुंडीकडे पाहून हसले. सदर पत्रक आमच्या घराजवळच्या बसथांब्यावर लागले आहे. सासूबाई आपले शिवणयंत्र स्वतः उघडून दुरुस्त करतात. त्यांनी ते पत्रक चार शेजारणींसमक्ष पाहिले आणि "सहा वर्षं ही तिथे करते तरी काय?" असा प्रश्न केला. त्याचे उत्तर पुढील परिच्छेदात देत आहे.

३. सर्व्हर बंद पडण्याची आणि माझ्या सत्काराची वेळ बहुधा एकच असते. अशा नऊ प्रसंगी मी व्यासपीठावरील टेबलाखाली डोके घालून, फोनवरून दुरुस्ती सांगितली. एकदा तर 'संकटात स्त्रिया डगमगत नाहीत' हे आपलेच भाषण सुरू होते. मला गहिवरून आले असे समजून आपण पाण्याचा पेला पुढे केलात, त्याबद्दल आभारी आहे. परंतु नोंदवहीत यंत्राला ज्याचा हात लागला त्याचेच नाव लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे नऊही दुरुस्त्या माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या नावे लागल्या. तो गृहस्थ प्रामाणिक आहे. "ताई, हात माझा, डोकं तुमचं. पण वहीत डोक्याचा रकानाच नाही," असे त्याने खाली मान घालून कबूल केले.

४. आता मुख्य तंत्रज्ञाचे पद रिकामे झाले आहे. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा १८ तारखेस सकाळी अकरा वाजता आहे. गैरहजर राहणाऱ्याचे नाव बाद होते. नेमक्या त्याच वेळी आपल्या कक्षाचे चर्चासत्र असून मुख्य वक्ती म्हणून माझे नाव छापले गेले आहे. विषय : 'तंत्रज्ञानात स्त्रिया वरच्या पदांवर का पोहोचत नाहीत?'

मी आपल्या लिपिकांस भेटून अडचण सांगितली. "परीक्षा काय, तीन वर्षांनी परत येईलच. पण तुम्ही नसलात तर साहेबांनी बाई म्हणून दाखवायचं कुणाला?" असे ते म्हणाले. प्रश्न रास्त आहे. मीही त्यावर दोन दिवस विचार केला.

५. सबब विनंती की, उपरोक्त नऊ दुरुस्त्यांची नोंद माझ्या नावे करण्याची शिफारस व्हावी, आणि मला १८ तारखेस दोन तास प्रोत्साहनाविना राहू द्यावे. परवानगीचे पत्र वेळेत न निघाल्यास आपण धावपळ करू नये. मी त्या वेळी परीक्षेस बसलेली असेन. व्यासपीठावर माझी खुर्ची मांडून तीवर हा अर्ज ठेवावा व मुख्य वक्तीचे भाषण म्हणून वाचून दाखवावा. विषयाला तो धरूनच आहे.

आपली नम्र आणि पुरेशी प्रोत्साहित,
(सही)
तंत्रज्ञ, सर्व्हर रूम
दिनांक : ११ जुलै

सोबत :
(अ) नोंदवहीच्या नऊ पानांच्या प्रती, सहकाऱ्याच्या कबुलीच्या सहीसह.
(ब) स्क्रूड्रायव्हर, नग एक, कक्षास परत. कोणत्या बाजूने धरावा ते सासूबाईंनी चिठ्ठी चिकटवून दाखवले आहे.